बिनमटणाची देग

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. त्या नोकरीनं मला गुडघेदुखी दिली आणि एक खोड लावली. माणूस गाडीत चढला की त्याच्या तोंडाकडं बघून हा कुठं उतरणार ते ओळखायचं. निवृत्तीनंतर वडूजपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या आमच्या गावी अर्ध्या एकरात भाजीपाला लावला, पण खोड काही सुटली नाही. त्यामुळं भादव्याच्या मध्याला बादशहाभाई मुलाणी माझ्या बांधावर येऊन उभे राहिले आणि "अमृत, एकेक भाजी दे," म्हणाले, तेव्हा माझं डोकं चालू झालं.

"एकेक म्हंजी?"

"तुज्याकडं हायती तेवढ्या सगळ्या. परत्येकातली एक."

भोपळा, दुधी, दोडका, वांगं, गवार, घेवडा, कारलं, तांदुळजा, अंबाडी. पिशवी भरली. घरी पाहुणे येणार का म्हणून विचारलं, तर नाही. भाभींनी मागवली का म्हणून विचारलं, तर "तिला म्हाईत न्हाई." एवढं बोलून पासष्ट वर्षांचा तो गडी पिशवी खांद्याला लावून निघूनही गेला. हा कुठं उतरणार ते मला कळेना, आणि न कळणं मला सोसत नाही.

बादशहाभाईंचं आणि भाजीचं तसं कधी जमलेलं नव्हतं. त्यांच्या जेवणात भाजी म्हणजे रश्श्यात चुकून आलेला बटाटा, अशी आम्ही त्यांची चेष्टा करायचो. पण मटणाला त्यांचा हात लागला की पंचक्रोशी बोटं चाटायची. आमच्या गावच्या पिराचा उरूस असतो, तेव्हा कंदुरी होते. कंदुरी म्हणजे पिराच्या नावानं गावजेवण. ते एकाच देगेत शिजतं. देग तांब्याची, एवढी मोठी की घासायला माणसाला आत उतरावं लागतं. त्या देगेतला मटणाचा दालचा, म्हणजे डाळीत शिजवलेलं मटण, चाळीस वर्षं बादशहाभाईंनी रांधला, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी.

या देगेचे दोन नेम आहेत. पहिला असा की पिराला दाखवून फातेहा पढल्याशिवाय त्यातलं कुणी चाखायचं नाही. आचाऱ्यानंसुद्धा नाही. दुसरा मिठाचा. ज्याचा नवस फिटला त्यानं घरून मूठभर मीठ आणायचं आणि देगेत सोडायचं. आधी लोकांचं मीठ पडतं, मग कमी पडेल तेवढं आचारी टाकतो. किती कमी पडलं ते बादशहाभाई नाकानं सांगायचे. वाफेवरून हात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अजून दोन मुठी." तरुणपणापासून मी हे बघत आलो, आणि एकदाही त्यांचं मीठ चुकल्याचं मला आठवत नाही.

उरूस चंद्राच्या महिन्यांवर चालतो, त्यामुळं तो दर वर्षी मागं सरकतो. त्या साली सरकत सरकत तो नेमका नवरात्रात आला. आमच्याकडं बहुतेक घरांत उपवास उठता-बसता, पण मांसाला नऊ दिवस कुलूप. उरूस कमिटीची बैठक पिशवीच्या आधीच बसली होती. अध्यक्ष जयराज म्हणाला की दोन देगा करू, एक मटणाची आणि एक भाजीची. भाजीची देग पलूसच्या केटररला द्यायची त्याची तयारी होती. त्या केटररकडं गॅसच्या भट्ट्या, टोप्या घातलेली पोरं, सगळा सरंजाम. बादशहाभाई तटकन उठले.

"एका पिराला दोन देगा न्हाईत. एकच हुईल. भाज्यांची हुईल. त्यात काय हाय एवढं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जयराज हसून म्हणाला, "बघा हां चाचा. बिघडलं तर पुढल्या सालापास्नं देग पलूसला." बादशहाभाई हो म्हणाले आणि खाली बसले. त्यांचा चेहरा तेव्हाच उतरला होता. मला वाटलं, उन्हानं. पुढं पिशवी नेली ती याच देगेसाठी हे उघड होतं, पण भाभींपासून चोरून का, तेच मला कळत नव्हतं.

पिशवी नेल्यानंतर आठ दिवसांत ते चार वेळा आले. प्रश्न तरी काय एकेक. दुधी शिजला हे बघून कळतं का? भोपळ्याची साल ठेवली तर फोड मोडते का? तांदुळज्याला पाणी किती सुटतं? अख्खा जन्म चुलीपुढं गेलेला माणूस मला, भाकरी करपवणाऱ्याला, हे विचारत होता. पाचव्या खेपेला ऊन मी म्हणत होतं. माझ्या छपराखाली सडक्या कांद्याची तीन पोती पडली होती, फेकायची राहून गेलेली. त्या वासानं कुत्रंसुद्धा तिकडं फिरकत नव्हतं. बादशहाभाई आले आणि त्यातल्याच एका पोत्यावर निवांत बसले. मी चहा दिला, तो त्यांनी चवीनं प्यायला. मी टॉवेल नाकाला लावून लांब उभा.

"बादशहाभाई, वास येत न्हाई व्हय तुमाला?" मी आपलं गमतीनं विचारलं.

त्यांनी बशी खाली ठेवली. कुणी ऐकत नाही ना ते बघितलं.

"अडीच वर्सं झाली," ते म्हणाले. "कोरोनात गेला. परत आलाच न्हाई."

मला हसावं का काय करावं ते कळेना. मी त्यांच्याशेजारी, त्याच पोत्यावर जाऊन बसलो.

जिभेला खारट, आंबट, कडू, गोड एवढं कळतं, पण कशाची चव आहे ते कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. मटण खाल्लं काय आणि भिजलेला पुठ्ठा खाल्ला काय, सारखंच. मी विचारलं, मग मधले दोन उरूस कसे काढले? तेव्हा त्यांनी खिशातून तसबीह काढली, जपाची माळ. लोक मीठ सोडताना ते देगेजवळ उभे राहून माळ ओढत होते. आम्हाला वाटायचं म्हातारा जप करतोय. तो मुठी मोजत होता. मटण दर वर्षी तेवढंच, डाळ तेवढीच, तेव्हा मुठीही तेवढ्याच लागणार. बाईच्या मुठीला एक मणी, गड्याच्या मुठीला दीड आणि जयराजच्या पंजाला दोन. गावातल्या प्रत्येकाची मूठ त्यांना पाठ होती.

"भाज्यांचं तसलं माप कुटं हाय माज्याकडं?" ते म्हणाले. "आन् बोलून बसलो. आता सांगितलं तर देग जाती. न्हाई सांगितलं तर बिघडून जाती."

"भाभीला तरी सांगा."

"न्हाई. ती काळजी करंल."

दुसऱ्याच दिवशी मी काही कामानं त्यांच्या घरी गेलो, तर सुगराबी भाभी दारात गवार मोडत बसलेल्या. मला म्हणाल्या, "अमृतभाऊ, ह्यांना नाकाचं मला म्हाईत न्हाई आसं वाटतंय. वाटू द्या. चुलीवर दूध करपलं तरी हा मानूस शेजारी बसून पेपर वाचतोय, मला काय कळत न्हाई व्हय?" मी कानावर हात ठेवले. एकाच घरातली दोन गुपितं सांभाळायची वेळ माझ्यावर आली.

मग माझ्या छपराखाली तीन दगडांची चूल मांडली आणि आमचे उद्योग सुरू झाले. कांद्याची पोती आधी फेकली, माझ्यासाठी. सकाळी बादशहाभाई यायचे, एक भाजी घ्यायचे आणि दुपारपर्यंत तिचा पिच्छा पुरवायचे. मी एवढा चौकस, पण त्यांच्यापुढं मी काहीच नाही. दुधी शिजला की फोडीतून पलीकडचं दिसायला लागतं, हे त्यांनी शोधलं. घेवड्याचा दाणा पळीवर घेऊन फुंकर मारायची, साल उचकटली की झाला. डाळ दाटली की पळीचा पातेल्यावरचा आवाज बदलतो, टणटण जाऊन ठपठप येतो. साल ठेवलेला भोपळा टिकतो आणि सोललेला विरघळून रस्सा घट्ट करतो, म्हणून निम्मा सोलायचा आणि निम्मा नाही. ओले शेंगदाणे डाळीबरोबरच टाकायचे, वांगी मध्यावर. अंबाडीनं तर दोन दिवस छळलं. डाळ शिजेचना. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आंबट आधी पडलं तर डाळ आखडून बसते, अंबाडी अगदी शेवटी घालायची. एवढं कळल्यावर ते असे खूश झाले की मला वाटलं नाकच परत आलं.

इथं चाखायला बंदी नव्हती. मीठ त्यांना जिभेवर कळायचं, बाकीचं मी सांगायचो. पंधरा दिवस मी ताटभर भाज्या खाल्ल्या. बाजरीच्या भाकरीबरोबर तो दालचा खरंच झकास लागायचा, पोटाला जड नाही, आणि माझी ऑक्टोबरातली नेहमीची जळजळ कुठल्या कुठं गेली. बायको म्हणाली, तुम्ही कंदुरी होईपर्यंत तिकडंच जेवा.

पण खरी मेख तांदुळज्यानं दाखवली. एक दिवस पातेलं काठोकाठ पाल्यानं भरलं. बादशहाभाईंनी भरल्या पातेल्याच्या अंदाजानं मीठ टाकलं. थोड्या वेळानं बघतो तर पाला बसून वाटीभर झालेला आणि खारट इतका की थुंकावं लागलं. बादशहाभाई रिकाम्या पातेल्याच्या काठाकडं बघत राहिले.

"मटान बसत न्हाई रं एवढं," ते म्हणाले. "देग भरल्याली दिसंल, लोक मीठ सोडतील, आन् मग भाजी बसंल."

म्हणजे मीठ भाजी बसल्यावर पडायला हवं, आणि किती ते वासावरून ठरायला हवं. वासाला कोण? मीच. आमचं ठरलं की मी देगेशेजारी उभा राहीन, मीठ पुरेसं झालं की खांद्यावरचा टॉवेल डोक्याला बांधीन. मी सरावाला लागलो. मिठाला वास नसतो, हे मी शाळेत शिकलो होतो आणि त्यांना ऐकवलंही. ते म्हणाले, "मिठाला नसतोय. मिठानं भाजीला येतोय." मी वाफेत नाक घालून घालून थकलो. दहातल्या पाच वेळा बरोबर आलं, आणि तेवढं तर डोळे मिटून काहीही ठोकून दिलं तरी येतं.

उरूस सहाव्या माळेला आला. सकाळी देग चढली. आमच्या यादीप्रमाणं भाज्या यायच्या होत्या, पण गावाला हौस. मटण नाही, तर प्रत्येकाला वाटलं आपल्या रानातलं काहीतरी पिराला द्यावं. कुणी पडवळ आणलं, कुणी चवळीच्या शेंगा, कुणी मुळा, कुणी माठ. एकानं पाटीभर कारली आणली. पिरासाठी आणलेलं परत कसं पाठवणार? बादशहाभाईंनी सगळं घेतलं. कारल्यांना मीठ चोळून पिळून तळायला लावलं. बाकीचं देगेत गेलं. देग काठापर्यंत भरली, वर पाल्याचा ढीग. पंधरा दिवसांच्या मापांचं एक माप कामाचं उरलं नाही.

तेवढ्यात फोडणी पडली. शेरभर मिरच्या तापल्या तेलात. मी शेजारीच. ठसका असा लागला की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मग नाकच गच्च. मी टॉवेल डोक्याला न बांधता तोंडाला लावून शिंकत बसलो. बादशहाभाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेची मला आजही लाज वाटते.

मीठ घेतलेल्यांची रांग लागली, बासष्ट माणसं. मुजावरांनी, म्हणजे दर्ग्याच्या पुजाऱ्यांनी, दुवा म्हटली आणि पहिली मूठ पडली. बादशहाभाई माळ ओढत होते. "जरा थांबा, भाजी बसू द्या," असं ते दोनदा म्हणाले, पण रांग म्हटल्यावर कोण थांबतंय. विसाव्या मुठीपर्यंत भाजी वीतभर खाली गेली होती आणि अजून जातच होती. त्यांची बोटं मण्यावर अडकली. त्यांनी देगेचं झाकण उचललं आणि देगेवर आडवं धरलं.

"काय झालं चाचा?" जयराज पुढं आला.

बादशहाभाई एकदम बोलायला लागले आणि थांबेचनात.

"मला वास येत न्हाई. कोरोनापास्नं. दोन वर्सं मी चोरावानी रांधलं, मुठी मोजून. तुमाला वाटायचं जप करतोय. आज मला काय कळंना झालंय. मीठ किती झालं मला म्हाईत न्हाई. देग दुसऱ्याला द्या, पन आजचं जेवान माज्या हातनं नासवू नका."

त्यांच्या हातातलं झाकण देगेच्या काठावर वाजत होतं. भाभी बायकांत उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मी शिंकत होतो. मला रडूही धड येईना.

रांगेत मधोमध धनगरवाड्यातली दगडाबाई उभी होती. तिच्या नवऱ्याचं, हरिबाचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, त्याचा नवस. मूठ आवळून ती तशीच पुढं आली.

"आवं, मग त्यात काय?" ती म्हणाली. "आमी काय चाखून निवद करतो व्हय? चाळीस वर्सं बिरोबाचा निवद नाकावरच करतोय. झाकान काडा."

एका म्हातारीनं मागून आक्षेप घेतला की देवाच्या नैवेद्याचा वाससुद्धा घेऊ नये. मुजावर म्हणाले, "हितं जिभंला मनाई हाय. नाकाला कुनी केली?" तेवढ्यावर ते मिटलं.

दगडाबाई वाफेवर वाकली. कपाळाला घाम सुटेपर्यंत वाकून राहिली. "कमी हाय," ती म्हणाली. "सोडा, पन दमानं." मग तिनं आणखी चार बायकांना बोलावलं. एक मूठ पडायची, पळी फिरायची, पाच जणी वाकायच्या, एकमेकींकडं बघायच्या आणि मान हलवायच्या. गाव श्वास रोखून बघत होता. मी इतकी वर्षं या बायकांना तिकिटं फाडून दिली, पण यांच्या नाकात एवढी विद्या असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं. भाजी बसली, डाळ दाटली, पळी ठपठप वाजायला लागली. चौतिसाव्या मुठीनंतर पुढचा नंबर दगडाबाईचा होता. तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. तिची मूठ देगेवरच होती.

"पुरं झालं," ती म्हणाली आणि मूठ मागं घेतली.

तिच्यामागं सत्तावीस माणसं मीठ घेऊन उभी होती, आणि ती स्वतः. नवसाचं मीठ परत न्यायचं कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर ते कधी उरलंच नव्हतं. बादशहाभाई तिच्याकडं बघत म्हणाले, "बाई, तुमचा नवस?"

"पानात वाढू की," दगडाबाई म्हणाली. "पिराच्या पंगतीतच जातंय न्हवं?"

फातेहा झाली, पंगत बसली. ती अठ्ठावीस माणसं मीठ वाढत पंगतीतून फिरली, प्रत्येक पत्रावळीच्या कडेला चिमूट-चिमूट. मग भात, भाकरी आणि दालचा. बादशहाभाई नको नको म्हणत होते, तरी मी त्यांना ओढून माझ्याशेजारी बसवलं. त्यांच्या पत्रावळीवर दगडाबाईनंच मीठ वाढलं आणि तिथंच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

त्यांनी पहिला घास घेतला. इतर कशाची चव त्यांना कळणार नव्हती, पण मीठ कळणार होतं. मी जेवायचं थांबलो. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मिठाला हात लावला नाही. मग पत्रावळीकडंच बघत म्हणाले, "बेताचं हाय." आणि त्यांचे डोळे भरून आले.

भाताची बादली घेऊन जयराज आला. मला वाटलं, आता हा पलूसचं काढणार. त्यानं भात वाढला, घोटाळला आणि म्हणाला, "चाचा, मी कॅलेंडर बघितलं. पुढल्या साली अधिक म्हैना न्हाई, उरूस तवाबी नवरात्रातच येतोय. परत भाजीचीच करावी लागंल. मग देग कुनाकडं द्यायची?"

बादशहाभाईंनी मान खाली घातली.

"देग त्यांच्याकडंच," दगडाबाई म्हणाली. "नाकं आमी आनतो."

जयराज हो म्हणाला आणि पुढच्या पानाकडं गेला. बादशहाभाईंनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.